मठाराची खूण आणि संग्राहकाची नजर : जुन्या ताम्रपात्रांच्या संग्रहाची चिकित्सा

प्रास्ताविक

जुनी तांब्याची भांडी जमवण्याची आवड गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातील सुशिक्षित मध्यमवर्गात चांगली रुजली आहे. माळ्यावर धूळ खात पडलेला बंब खाली उतरतो आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभा राहतो. घंगाळात पाणी भरून त्यावर फुले तरंगत ठेवली जातात. हंड्याला भोके पाडून त्याचा दिवा केला जातो. शहरातील उपाहारगृहे आणि सह्याद्रीच्या कुशीतील पर्यटक निवास ‘पारंपरिक’ वातावरण निर्माण करण्यासाठी याच वस्तूंचा आधार घेतात. या आवडीला विरोध करण्याचे कारण नाही. अन्यथा भट्टीत वितळून गेली असती अशी काही भांडी तिच्यामुळे वाचली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु कोणते भांडे ठेवावे आणि कोणते मोडीत घालावे, कोणते ‘चांगले’ आणि कोणते ‘सामान्य’, हे ठरवताना संग्राहक जी कसोटी वापरतो ती तपासून पाहिली जात नाही.

ही कसोटी कोठून आली, आपल्या घरांतील भांड्यांना ती कितपत लागू पडते आणि ती सरसकट लावल्याने नेमके काय हातचे जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनासाठी कोल्हापूर जिल्हा, आणि त्यातही राधानगरीसारखा पश्चिमेकडील पावसाळी भाग, दृष्टीसमोर ठेवला आहे. चार महिने संततधार पाऊस, ओला गारवा आणि हाताशी जळण अशा प्रदेशात पाणी तापवण्याच्या भांड्याला घरात जे स्थान होते, ते कोरड्या मुलखातील वाचकाच्या सहज ध्यानात येणार नाही.

बेळगावात जन्मलेली एक अभिरुची

हातोडीच्या खुणा अंगावर वागवणारे तांब्याचे भांडे ही एक कलावस्तू आहे, ही जाणीव आधुनिक काळात प्रथम ठळक झाली ती इंग्लंडमधील आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीत. १८८७ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या एका प्रदर्शन-संस्थेवरून या चळवळीला तिचे नाव मिळाले. तिची वैचारिक बैठक मात्र जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस यांनी त्याआधीच घातली होती. यंत्राने कारागिराच्या हातातील आनंद हिरावून घेतला, तो त्याला परत मिळावा, ही तिची मूळ प्रेरणा. केझिक येथे १८८४ मध्ये कॅनन रॉन्सली यांनी धातुकाम आणि लाकूडकाम शिकवणारे वर्ग सुरू केले. कॉर्नवॉलमधील न्यूलिन या कोळ्यांच्या गावात मासेमारी थांबलेल्या दिवसांत तरुणांना काम मिळावे म्हणून तांब्याचे नक्षीकाम सुरू झाले. सी. आर. अ‍ॅशबी यांनी १८८८ मध्ये लंडनच्या पूर्व भागात कारागिरांचा संघ स्थापन केला आणि १९०२ मध्ये तो चिपिंग कॅम्पडेन या खेड्यात नेला. अमेरिकेत डर्क व्हॅन अर्प या डच तांबटाने नौदलाच्या गोदीत काम करता करता तोफगोळ्यांच्या पितळी नळकांड्यांपासून फुलदाण्या घडवल्या आणि १९०८ मध्ये ओकलंड येथे स्वतःचे दुकान काढले. त्याच्या पवनचक्कीचा शिक्का असलेल्या दिव्यांना आज लिलावात फार मोठी किंमत येते.

या वस्तूंच्या संग्राहकांनी कालांतराने काही नियम ठरवून घेतले. निर्मात्याचा शिक्का हवा. पृष्ठभागावरील काळपट-तपकिरी छटा मूळची हवी. भांडे घासून लखलखीत केले की त्याची किंमत उतरते. डागडुजी नसावी. हातोडीची खूण स्पष्ट असावी. त्या विशिष्ट वस्तूंपुरते हे नियम तर्कशुद्ध आहेत. ती काळपट छटा निर्मात्याने रसायने वापरून मुद्दाम आणलेली असे. ती घासून काढणे म्हणजे चित्रावरील रंगाचा एक थर खरवडण्यासारखेच.

मराठी वाचकाच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, या अभिरुचीच्या जडणघडणीत आपल्या प्रदेशाचा वाटा आहे. ‘भारतातील औद्योगिक कला’ या विषयावर १८८० मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिणारे जॉर्ज बर्डवुड हे १८३२ मध्ये बेळगाव येथे जन्मले. मुंबईच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या, उभारणीत त्यांचा मोठा भाग होता. रडयार्ड किपलिंगचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ पासून दहा वर्षे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते. आनंद कुमारस्वामी यांच्या १९०९ मधील भारतीय कारागिरांवरील पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती अ‍ॅशबी यांनी. इंग्लंडमधील चळवळ भारतीय कारागिराकडे आदर्श म्हणून पाहत होती आणि तिचे भारतविषयक ज्ञान मुंबई इलाख्यातील बाजारपेठा पाहिलेल्या माणसांकडून येत होते.

परंतु हा गौरव निर्भेळ नव्हता. भारतीय भांड्यांची, विणकामाची, दागिन्यांची मुक्तकंठाने स्तुती करणाऱ्या याच बर्डवुड यांनी १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत जावा बेटावरील बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली आणि भारताला ललितकला म्हणून काही आहे हेच नाकारले. त्यातून मोठा वाद उसळला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये इंडिया सोसायटी स्थापन झाली. हा प्रसंग सहसा मूर्तिकलेच्या संदर्भात सांगितला जातो. ताम्रपात्रांच्या अभ्यासकालाही त्यातून काही घेण्यासारखे आहे. भांड्याची स्तुती ही कधीकधी भांडे घडवणाऱ्याला त्याच्या जागी बसवून ठेवण्याची रीत असते. कारागीर निरागस, परंपरेशी एकनिष्ठ, काळाच्या बाहेरचा असा कल्पिला की त्याचा बाजार, त्याचे कर्ज आणि त्याचा कच्चा माल यांविषयी विचारण्याची गरजच उरत नाही. वस्तुस्थिती अशी की, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडील तांबट ज्या पत्र्यावर हातोडी चालवत होते, तो पत्रा बव्हंशी युरोपातील गिरण्यांत लाटला जाऊन मुंबई बंदरात उतरत असे. ‘शुद्ध हस्तकला’ म्हणून ज्याची पूजा बांधली गेली त्या घंगाळाच्या पोटात यंत्रयुग आधीच शिरले होते. घंगाळाची थोरवी त्याने कमी होत नाही. ‘शुद्ध’ हा शब्द तेवढा जपून वापरला पाहिजे.

मठार म्हणजे काय

हातोडीच्या खुणांना तांबटांच्या बोलीत ‘मठार’ म्हणतात आणि त्या कामाला ‘मठारकाम’. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी या कामासाठी पेशवेकाळापासून प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधील फुलदाणीवरील हातोडीची खूण आणि आपल्या घंगाळावरील मठार दिसायला सारखे आहेत. संग्राहकाचा घोटाळा येथेच सुरू होतो.

तांबे थंड असताना ठोकले की ते कडक होत जाते. फार ठोकले तर चिरते. म्हणून तांबट मधूनमधून भांडे लालसर होईपर्यंत तापवतो. तापवले की धातू पुन्हा मऊ पडतो आणि आकार घ्यायला तयार होतो. ठोकणे, तापवणे, पुन्हा ठोकणे हा क्रम आकार पूर्ण होईपर्यंत चालतो. शेवटी भांडे आम्लात किंवा चिंचेच्या पाण्यात स्वच्छ करून, लोखंडी आधारावर उलटे धरून, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्याच्या सर्वांगावर ओळीने, एकमेकींना चिकटून ठोके दिले जातात. हा मठार. यानंतर भांडे पुन्हा तापवले जात नाही. त्यामुळे ठोक्यांनी आलेला कडकपणा भिंतीत कायम राहतो आणि पातळ पत्र्याचे रुंद घंगाळ पाण्याचे ओझे पेलते, आदळआपट सोसते, सहज पोचत नाही. बंबासारख्या भांड्यात तर उभ्या भिंतीला आधार देणारे दुसरे काहीच नसते.

म्हणजे मठार हा मुळात धातूच्या बळाचा प्रश्न आहे. त्याला सौंदर्यहेतू नव्हताच असे म्हणणे मात्र दुसऱ्या टोकाला जाणे होईल. बुडापासून निघून काठापर्यंत वर्तुळाकार चढत जाणाऱ्या त्या ओळींची शिस्त केवळ मजबुतीसाठी आवश्यक नसते. ओबडधोबड ठोक्यांनीही धातू कडक होतो. चांगल्या तांबटाला ओळ चुकलेली चालत नसे, गिऱ्हाइकालाही ती दिसत असे. फरक आहे तो भर कोठे आहे याचा. अ‍ॅशबींच्या परंपरेतील ठोका ‘हे हाताने केले आहे’ असे सांगतो. यंत्राच्या विरोधात दिलेली ती जबानी आहे. घंगाळावरील ठोक्याला कोणाला काही पटवून द्यायचे नव्हते. ज्या काळात बहुतेक भांडी ठोक्याचीच होती त्या काळात ‘हाताने केलेले’ ही बातमी नव्हती.

ठोक्याला एकदा घोषणेचे रूप आले की त्याची नक्कल करणे सोपे होते, हे इंग्लंडमध्ये लवकरच प्रत्ययास आले. लंडनच्या लिबर्टी या दुकानासाठी बर्मिंगहॅमच्या कारखान्यात तयार होणाऱ्या धातूच्या वस्तूंवर हातोडीच्या खुणांचा आभास यंत्राने आणला जाई, आणि त्या वस्तू स्वस्त असत. अ‍ॅशबींचा संघ १९०८ मध्ये बंद पडला, त्यामागे ही स्पर्धा हे एक महत्त्वाचे कारण होते. आज आपल्या बाजारात तांब्याच्या बाटल्या आणि पेले यांच्यावर दाबयंत्राने उमटवलेले ठोके सर्रास दिसतात. आरोग्याच्या नावाखाली त्यांचा खप आहे. हा बनाव ओळखणे कठीण नाही. हाताचा ठोका शेजारच्या ठोक्यावर किंचित चढतो, त्याची खोली कमीअधिक असते आणि ओळ कोठेतरी सूक्ष्मपणे हेलकावते. साच्याचा ठोका ठरावीक अंतराने जसाच्या तसा पुन्हा येतो. जुन्या मोठ्या भांड्यांत आणखी एक पुरावा मिळतो तो सांध्याचा. पत्र्याच्या कडा दात्यांसारख्या कापून एकमेकींत अडकवलेल्या असतात आणि त्यांवरून पितळी डाकाची पिवळसर रेघ गेलेली असते. संग्राहकांच्या नजरेत ही रेघ पुष्कळदा ‘दोष’ ठरते. भांड्याच्या कारागिरीचा सर्वांत अवघड भाग तोच आहे.

इन्टॅकच्या पुणे शाखेच्या पुढाकाराने आणि काही डिझायनरांच्या साहाय्याने तांबट आळीतील मठारकामाला एकविसाव्या शतकात नवी बाजारपेठ मिळाली. बंब आणि घंगाळ यांची मागणी आटलेली असताना ताटे, दिवे, शोभेच्या वाट्या यांवर मठार उमटू लागला. कारागिरांच्या पोटापाण्याच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे. समीक्षेच्या दृष्टीने पाहता मात्र शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये जे घडले त्याचीच ही उशिरा आलेली आवृत्ती आहे. येथेही मठार भांड्याच्या गरजेतून सुटून पृष्ठभागाचा अलंकार झाला आहे. नव्या वस्तूंविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. अडचण उद्भवते ती या नव्या वस्तूंच्या चष्म्यातून जुनी भांडी पाहिली जातात तेव्हा.

कल्हई, नाव आणि मोड

पाश्चात्त्य संग्राहकाचा पहिला आग्रह जुन्या छटेचा. आपल्या घरात तांब्याच्या भांड्यावर अशी छटा चढू देणे हे गृहिणीच्या आळसाचे लक्षण मानले जाई. चिंच, राख, लिंबाची साल यांनी भांडे रोज घासले जाई आणि सणावाराच्या आधी तर अधिकच. देवघरातील ताम्हन आणि पळी-पंचपात्री काळवंडलेली असणे हा जवळजवळ दोष होता. पिढ्यान्‌पिढ्या घासून काठ पातळ झालेले, ठोक्यांच्या कडा बोथट झालेले भांडे हे त्याच्या खऱ्या आयुष्याची साक्ष देते. काळपट भांडे फार तर एवढेच सांगते की ते काही वर्षे माळ्यावर होते. अर्थात बंबाची गोष्ट वेगळी. त्याच्या मधल्या नळीत निखारे धगधगत, खाली जाळीतून राख पडे, तोटीतून कढत पाणी येई. त्याच्या नळीतील काजळी आणि पोटातील क्षारांचा थर हे वापराचेच पुरावे होत. राधानगरीकडच्या पावसाळ्यात ओले लाकूड जाळून तापवलेला बंब आणि पुण्यातील वाड्यात कोळशावर तापवलेला बंब यांच्या अंतरंगात फरक असणार. विक्रेता बंब पहिल्यांदा घासून काढतो तेव्हा हा फरक तो नाहीसा करतो.

दुसरा आग्रह, डागडुजी नसावी हा. तांब्याच्या स्वयंपाकाच्या भांड्याचे सगळे अस्तित्वच डागडुजीवर अवलंबून होते. आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेत ठेवला की तो कळकतो. ‘कळकलेले ताक’ हा शब्दप्रयोग आजच्या पिढीला समजावून सांगावा लागतो. म्हणून पातेली, तपेली, सतेली यांना आतून कल्हई लावली जाई. कल्हईवाला गावात येई, जमिनीत खड्डा करून भाता लावी, भांडे तापवी, नवसागराची पूड टाकी, कथलाची कांडी फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने तो वितळलेला थर आतून पसरवी. कथील अवघ्या २३२ अंश सेल्सियसला वितळते, तांब्याला १०८५ अंश लागतात. या प्रचंड अंतरामुळेच ही क्रिया उघड्यावर, साध्या भात्याने करता येते. कल्हई झिजली की पुन्हा. म्हणजे ‘मूळ स्थितीतील’ पातेले ही कल्पनाच निराधार आहे. संग्राहक आतील कल्हई खरवडून तांब्याचा लाल रंग उघडा करतो, कारण तो देखणा दिसतो. त्या क्षणी ते स्वयंपाकाचे भांडे राहत नाही आणि त्याचा इतिहासही अर्धा पुसला जातो.

तिसरा आग्रह निर्मात्याच्या शिक्क्याचा. आपल्या जुन्या भांड्यांवर घडवणाऱ्याचे नाव सहसा नसते. नाव असते ते मालकाचे किंवा देणाऱ्याचे. दुकानात भांडे घेतले की तेथेच छिन्नीच्या टोकाने ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेण्याची प्रथा होती. लग्नात मिळालेल्या हंड्या-कळश्यांवर मामाचे, आत्याचे नाव; देवळाला दिलेल्या समईवर किंवा घागरीवर ‘स्मरणार्थ’; गावजेवणाच्या सामायिक पातेल्यांवर गावाचे किंवा तालमीचे नाव. एखाद्या सामान्य बाईचे नाव तिच्या हयातीत धातूवर लिहिले गेले असेल तर ते बहुधा अशाच भांड्यावर. विक्रेते ही नावे घासून काढतात, कारण गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या घरचे नाव नको असते. निर्मात्याच्या शिक्क्यासाठी आसुसलेली बाजारपेठ मालकाचे नाव मात्र कचरा समजते, हा विपर्यास फारसा कोणाला जाणवत नाही.

या संदर्भात ताम्रपटांशी तुलना उद्बोधक ठरेल. कोल्हापूरच्या शिलाहारांचे ताम्रपट, उदाहरणार्थ शके १०३२ मधील गंडरादित्याचा तळाले येथील ताम्रपट, नऊशे वर्षे टिकून राहिले. त्याच काळात त्याच प्रदेशात वापरली गेलेली घरगुती तांब्याची भांडी जवळपास सगळी नाहीशी झाली. धातू एकच. ताम्रपटावर जमिनीचा हक्क कोरलेला होता, म्हणून तो पुरून, लपवून, वारसाहक्काने सांभाळला गेला. भांड्याच्या अंगी मात्र मोडीची किंमत होती. जुने भांडे वजनावर देऊन वरचे पैसे भरून नवे घेणे हा कासाराच्या दुकानातील नित्याचा व्यवहार. दुष्काळात, आजारपणात, मुलीच्या लग्नात भांडी गहाण पडत, विकली जात. तांब्याचे भांडे ही घरातील साठवलेली पुंजी होती आणि पुंजी म्हणूनच ती खर्ची पडली. पुढे अ‍ॅल्युमिनियम, मग स्टेनलेस स्टील, मग गॅस आणि गीझर आले तेव्हा तिचे उरलेसुरले कारणही संपले.

यातून निघणारा निष्कर्ष संग्राहकाला गैरसोयीचा आहे. जी भांडी आज उरली आहेत ती मुख्यतः ज्या घरांना ती विकण्याची वेळ आली नाही त्या घरांची आहेत. अशा अवशेषांवरून ‘जुन्या काळातील मराठी घर’ रंगवणे म्हणजे सुस्थितीतील घराला सर्वांचे घर मानणे होय.

ज्यांच्या घरी तांबे नव्हते

हा मुद्दा केवळ गरीब-श्रीमंतीपुरता नाही. धातूचे भांडे वापरण्याचा अधिकार हा जातिव्यवस्थेतील एक प्रत्यक्ष संघर्षाचा विषय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मधील ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात अहमदाबाद जिल्ह्यातील झाणू गावचा प्रसंग नोंदवला आहे. १९३५ च्या नोव्हेंबरात तेथील सुस्थितीतील अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या घागरींतून पाणी आणण्यास सुरुवात केली; सवर्णांना तो आपला अपमान वाटला आणि त्या स्त्रियांवर हल्ला झाला. घागर कोणत्या धातूची, हा प्रश्न पाण्याच्या प्रश्नाइतकाच जिव्हाळ्याचा आणि धोक्याचा होता.

कोल्हापूर संस्थानाच्या इतिहासातही भांडे आणि स्पर्श यांची कथा आहे. सवर्णांच्या पाण्याला स्पर्श केल्याबद्दल मारहाण झालेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले आणि तेथे स्वतः जाऊन चहा घेतला, हे सर्वश्रुत आहे. १९२० च्या मार्चमध्ये संस्थानच्या कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली आणि तेथे महाराजांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचे स्वागत केले. राधानगरी हे नाव ज्यांनी आपल्या कन्येवरून दिले, भोगावतीवर जे धरण त्यांच्या हयातीत अपुरे राहिले आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकात पुरे झाले, त्याच राजाच्या कारकिर्दीत पाणी कोणाच्या भांड्यात जावे हा प्रश्न असा दोन पातळ्यांवर लढला जात होता. तांब्याच्या घागरीकडे पाहताना मठाराची लय दिसते आणि हे दिसत नाही, तर त्या पाहण्यात काहीतरी उणे आहे. एखाद्या वस्तुसंग्रहात तांब्याच्या घागरीशेजारी मातीचे मडके ठेवले आणि ते कोणाच्या घरचे हे लिहिले, तर घागरीचा अर्थ बदलतो.

संग्रहालयांचे धडे

खासगी संग्राहकांत महाराष्ट्राला ललामभूत ठरलेले नाव म्हणजे दिनकर गंगाधर केळकर. १८९६ मध्ये जन्मलेल्या, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवण्यास प्रारंभ केला. अकाली निवर्तलेल्या राजा या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेला हा संग्रह १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तूंवर पोहोचला आणि १९६२ मध्ये त्यांनी तो शासनाला दिला. अडकित्ते, दिवे, फण्या, कुलुपे, भांडी यांना त्यांनी राजेरजवाड्यांच्या वस्तूंइतकाच मान दिला, ही त्यांची क्रांतिकारक दृष्टी होय. येथे बर्डवुड यांच्यासारखा दुरून केलेला गौरव नव्हता. घरात वावरलेल्या माणसाची ती ओढ होती. तथापि केळकरांची निवड कलात्मकतेने चालत असे. दैनंदिन वस्तूंतील जे सुंदर ते त्यांनी वेचले. साधे, ठिगळ लावलेले, कल्हईने खरबरीत झालेले पातेले त्या कसोटीवर क्वचितच उतरणार. कवीच्या संग्रहाकडून समाजशास्त्रज्ञाच्या संग्रहाची अपेक्षा करणे रास्त नाही. पण त्यानंतर आलेल्यांनी केळकरांची कसोटी जशीच्या तशी उचलावी हेही रास्त नाही. त्यांच्या अनुकरणात कलात्मकता राहिली आणि चिकाटी गळून पडली, असे पुष्कळ खासगी संग्रहांविषयी म्हणता येईल.

कोल्हापूरचे उदाहरण याहून बोलके आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी टेकडीवर विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात काशाच्या वस्तूंचा साठा सापडला. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे रीतसर उत्खनन केले. त्या साठ्यात समुद्रदेव पोसायडनची रोमन मूर्ती होती. त्याचबरोबर आरसा, सुरई आणि स्थानिक घडणीची भांडीही होती. आज टाऊन हॉलमधील संग्रहालय पाहणारा पोसायडन लक्षात ठेवतो आणि पाठ्यपुस्तकेही त्याचाच उल्लेख करतात. रोमन व्यापाराचा पुरावा म्हणून ते स्वाभाविक आहे. पण परदेशातून आलेल्या एका मूर्तीने स्थानिक भांड्यांना सावलीत ढकलावे, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे कोल्हापूरकर पाणी कशातून पीत होते या प्रश्नापेक्षा ते रोमशी व्यापार करत होते याचा अभिमान मोठा ठरावा, यातही वर चर्चिलेल्या अभिरुचीचाच प्रत्यय येतो. काय दुर्मिळ आहे हे आपण पाहतो; काय वापरात होते हे पाहत नाही.

नोंद कशाची करावी

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा अधिनियमानुसार १०० वर्षांहून जुनी हस्तनिर्मित वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत बसते, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. नोंदणीची सक्ती मात्र शासनाने अधिसूचित केलेल्या वर्गांपुरती, मुख्यत्वे मूर्ती, चित्रे, हस्तलिखिते यांच्यापुरती आहे. घरगुती भांड्यांच्या बाबतीत व्यवहारात कायद्याचा हात फारसा पोहोचत नाही. कायद्यावर विसंबून चालणार नाही, तसेच सगळी भांडी संग्रहालयात आणणेही शक्य नाही. कोणत्याही महाविद्यालयाकडे तेवढी जागा नाही.

नोंद मात्र शक्य आहे. राधानगरी तालुक्यात धरणांनी गावे उठवली, वस्त्या हलल्या, घरे बदलली. अशा प्रदेशात भांडे जेथे आहे तेथेच, ज्यांचे आहे त्यांच्याच हाती ठेवून, त्याचे वजन, उंची, काठाची जाडी, सांध्याचा प्रकार, मठाराच्या ओळी, कल्हईची स्थिती आणि त्यावरील अक्षरे टिपून घेणे हे इतिहास, मराठी, रसायनशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांना एकत्र करता येण्याजोगे काम आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला कल्हईतील शिशाचे प्रमाण तपासता येईल. स्वस्त कल्हईत शिशाची भेसळ होणे ही जुनीच तक्रार आहे आणि ती आरोग्याशी निगडित आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला चरवी, कळशी, घागर, हंडा आणि गुंड यांतील सीमारेषा घरागणिक कशा सरकतात हे टिपता येईल. ‘तांब्या’ हे नाव आता स्टीलच्या लोट्यालाही लागते, इतका तो धातू भाषेत मुरला आहे.

भांड्यावरील नावाची नोंद करताना विशेष सावधगिरी हवी. ठिपक्यांची अक्षरे घासून अस्पष्ट झालेली असतात. ती वाचण्यासाठी पीठ किंवा खडू चोळण्याऐवजी तिरपा प्रकाश टाकून छायाचित्र घ्यावे. भांड्यावर दिलेले वर्ष शकाचे, संवताचे किंवा इसवी सनाचे असू शकते. नुसते दोन आकडे असतील तर शतकाचा उल्लेख घरच्यांच्या सांगण्यावरून वेगळ्या शाईत लिहावा, भांड्यावरचा म्हणून लिहू नये. नाव कोणाचे, ती व्यक्ती या घराची कोण, भांडे लग्नात आले की वाटणीत, मध्यंतरी ते गहाण होते का, या प्रश्नांना घरातील वडीलधाऱ्या बाईकडून जे उत्तर मिळेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. आणि घरात तांब्याचे काहीच नव्हते, असे उत्तर मिळाले तर नोंदवहीतील ते पान कोरे न सोडता त्या घरी पाणी कशात साठवत, ते तेथे लिहावे.